रखमाजींची बिनधुराची गाडी

"सारजे, आता धुराचं नाव काढायचं न्हाई!" रखमाजींनी अवसरीतल्या अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. दोन हजार सात साल होतं. अंगणात पुण्याहून टेंपोत घालून आणलेली जुनी, पण विजेवर चालणारी मोटार उभी होती. केवढी? भाजीच्या दोन पाट्या आणि नवराबायको बसले की भरली!

हसू नका राव, माणसानं ती जीव लावून घेतली होती. रोज सकाळी सारजाबाई माळवं घेऊन मंचरच्या बाजाराला जायची, ती रखमाजींच्या डिझेल जीपमधून. जीपला ना दार, ना काच. सगळा धूर आत! बाईला असा दमा जडला, की हसली तरी ठसका लागायचा. शेवटी तिनं हसणंच सोडलं. सगळी हयात खळखळून हसलेली बाई गप्प झाली आणि रखमाजींना घर खायला उठलं. डॉक्टर म्हणाले, "धूर टाळा." त्याच आठवड्यात जीप गावातल्या गोरखला विकली आणि ही आणली. मग काय, भेटेल त्याला तेच! "आपल्या गाडीला धूरच न्हाई!"

चार्जिंगची सोय विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतून केली होती. शेतीची लाइट एक आठवडा रात्रीची, एक आठवडा दिवसाची. रविवारी रात्री रखमाजी वायर लावत होते, तेव्हा सारजाबाई म्हणाली, "अवं, आज रातीपास्नं लाइटची पाळी बदलली न्हवं?"

"तुला गाडीतलं काय कळतंय? झोप जा!"

सकाळी निदान गाडीतलं चार्जिंगचं मीटर तरी बघावं! पण मीटरवर पूजेचा झेंडूचा हार, आणि देवाचा हार कोण काढणार? निघाली जोडी.

मंचरच्या ऐन चौकात गाडी थांबली. तीही इतकी गुपचूप, की रखमाजींना वाटलं आपणच ब्रेक मारला! मागं एसटी, एसटीमागं बटाट्याचा ट्रक, ट्रकमागं नाशिकला निघालेलं सगळं जग. एकानं इंजिन बंद केलं असेल तर शपथ! दहा मिनिटांत असा धूर कोंडला, की समोरच्या दुकानाची पाटी दिसेना.

"ओ पावणं, घ्या की बाजूला!" एसटीचा ड्रायव्हर ओरडला. "सगळ्या मंचरला खोकायला लावलंत!"

रखमाजींनी घाईघाईनं काचा वर केल्या. तोंड एवढंसं झालं होतं.

"सारजे, चुकलं माझं. तुझ्यासाठी घेतली, आन् सगळ्या हायवेचा धूर तुझ्याच दारात आणून ठिवला."

"काचा हाईत की. आत न्हाई येत काय," सारजाबाई म्हणाली. "आन् एक सांगू? किती वर्सांनी तुमी न वरडता बोलताय. जीपच्या घरघरीत आपलं सगळं बोलणं भांडल्यावाणीच व्हतं."

तेवढ्यात ओळखीची घरघर ऐकू आली. गोरख! आणि त्याच्याखाली रखमाजींचीच जुनी जीप! त्यानं दोर बांधला, जीपला जोर दिला आणि काळाकुट्ट लोट मोटारीच्या पुढच्या काचेवर येऊन आदळला.

गोरखनं मुंडकं बाहेर काढलं. "रखमातात्या, तुमच्या गाडीला खरंच धूर न्हाई! सगळा माझ्याकडं ठिवून गेलाय की!"

सारजाबाई हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. रखमाजी सवयीनं पाण्याची बाटली उघडून ठसक्याची वाट बघत बसले. जीप चौकातून गावाकडं वळली, बाजार मागं पडला, अवसरीचा फाटा आला. ठसका काही आला नाही.

रखमाजींनी टोपी काढून डोळे पुसले.

"रडताय व्हय?"

"छे! धूर गेला डोळ्यात."

सारजाबाईनं वर केलेल्या काचांकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि पुन्हा हसत सुटली.