अकरा मण्यांच्या गैरहजेरीबाबत

अपूर्ण अहवाल स्वीकारला जाणार नाही, असं संस्थेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं, आणि स्फटिकबाईंचा अहवाल अकरा मण्यांनी अपूर्ण होता. भानगड एवढीच होती.

स्फटिकबाई हे नाव त्यांना प्रयोगशाळेनं दिलेलं. एका उपद्रवी जिवाणूच्या पोटातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळं काढून त्याचा स्फटिक करण्यात त्यांची सहा वर्षं गेली होती. जिवाणू मोठा लबाड. आपण ब जीवनसत्त्व जेवणातून घेतो. तो घरच्या घरी बनवतो, आणि बनवण्याचं काम हे विकर करतं. ते बंद पाडलं की जिवाणू उपाशी आणि माणसाला धक्का नाही. म्हणून विकराची नेमकी ठेवण कळायला हवी होती. पाच वर्षं दहा महिने द्रावणाच्या थेंबात नुसता गाळ बसला. मग एका मंगळवारी मिठाच्या कणाएवढा, रेखीव कडांचा स्फटिक दिसला, आणि बाई जिन्यात जाऊन रडून आल्या.

क्ष-किरणांनी बाकी सगळं दाखवलं. अमिनो आम्लांचे चारशे बारा मणी एका माळेत ओवलेले, वळून-दुमडून बसलेले. त्यातले अकरा मात्र दिसेनात. जिथं विकराचं खरं काम चालतं, त्या तोंडावरची ती झडप होती. सतत उघडझाप करणारी, त्यामुळे चित्रात नुसता धुरळा. बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, “मणी १८७ ते १९७ दिसत नाहीत.”

अहवाल संस्थेच्या पूर्तता अधिकाऱ्यांकडून परत आला. बाई भेटायला गेल्या.

“अकरा कमी आहेत,” अधिकारी म्हणाले.

“कमी नाहीत, साहेब. आहेत, पण हलतात. म्हणून दिसत नाहीत.”

“आहेत तर दाखवा, नाहीत तर नाहीत लिहा. रकाने दोनच आहेत.”

“हलतात असा तिसरा रकाना काढता येईल का?”

“जागेवर न दिसणाऱ्यांसाठी रकाना काढला, बाई, तर निम्मी इमारत त्यात जाईल,” अधिकारी अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकरा मण्यांच्या नावे कारणे दाखवा नोटीस निघाली आणि स्फटिकांच्या फ्रीजवर डकवली गेली. मुदत सात दिवस. मण्यांकडून खुलासा आला नाही. मग त्रिसदस्यीय समिती पाहणीला आली. पहिल्या सदस्यांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून “छान” म्हटलं. दुसऱ्यांनी स्फटिक अपेक्षेपेक्षा लहान असल्याबद्दल नापसंती नोंदवली. तिसऱ्यांना भिंगात स्वतःच्या पापण्या दिसल्या. त्या मोजून त्यांनी “मणी उपस्थित” असा शेरा मारला. पापण्या ग्राह्य धराव्यात की नाही, यावर समितीत दुफळी झाली.

शेवटी संचालकांनी बाईंना चहाला बोलावलं.

“तुमची नेमणूक एकतीस तारखेला संपते ना? नाही, सहज विचारलं. तुमच्या विकराची पुस्तिका छापायला गेलीय. तुमची सही तेवढी राहिलीय.”

मुखपृष्ठावर विकर होतं. प्रसिद्धी विभागाच्या चित्रकारानं अकरा मण्यांच्या जागी दार काढलं होतं. बंद. सोनेरी.

“हे बंद का?” बाईंनी चित्रकाराला गाठून विचारलं.

“उघडं बरं दिसत नाही हो. आतलं सगळं दिसतं.”

बाईंनी चित्राखाली ‘रचना बरोबर आहे’ अशी सही केली. सही चांगली ठसठशीत आली. नेमणूक वाढली.

आठ महिन्यांनी शेजारच्या इमारतीतले औषधवाले डॉक्टर बाईंच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

“बाई, तुमच्या बंद दारात चपखल बसेल असं औषध केलं. एकशे चाळीस वेळा बदलून पाहिलं. जिवाणू मजेत आहेत. उलट बाळसं धरतायत.”

बाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

“ते दार तुम्ही पाहिलंय ना?”

“नाही.”

“मग कुणी पाहिलंय?”

“चित्रकारानं.”

डॉक्टर स्टुलावर बसले. रागावले नाहीत, हेच बाईंना सोसेना. “तिकडं आजारी माणसं वाट बघतायत, बाई,” एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

बाईंनी त्याच दुपारी दुरुस्तीचं पत्र लिहून पूर्तता अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यात आपली चूक आपल्याच नावानं कबूल केली होती. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचार केला. रचना मंजूर होती. मंजूर रचना चुकीची असू शकत नाही. म्हणजे चूक दुसऱ्या पक्षाची. संध्याकाळपर्यंत परिपत्रक निघालं: ‘सदर जिवाणू मंजूर रचनेनुसार वागत नसल्याचे निदर्शनास आले आहे. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ बाईंचं पत्र संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरात लागलं. वर्षभरात ते चारदा उघडलं गेलं. तीनदा बाईंनी, एकदा डॉक्टरांनी. डॉक्टरांनी पहिल्यापासून काम सुरू केलं. सोनेरी दार मात्र शाळेच्या पुस्तकात गेलं.

मग बाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

“तुझ्या भाचीचा एक मार्क गेला. चाचणीत विकराच्या चित्रात दाराच्या जागी मोकळी जागा सोडून आली. म्हणे, मावशी सांगते, तिथं काय दिसतं ते कुणालाच माहीत नाही!”

“ताई, अख्ख्या शाळेत तिचं एकटीचं उत्तर बरोबर आहे.”

“बरोबर घेऊन काय लोणचं घालू? वार्षिक परीक्षेत गुमान दार काढायला सांग. तुझंच ऐकते ती.”

“नाही सांगणार,” बाई म्हणाल्या.

भाचीनं वार्षिक परीक्षेतही जागा मोकळी सोडली. पुन्हा एक मार्क गेला. ताईनं दोन महिने अबोला धरला.

हे वाचून तुम्ही मान डोलावलीत, ते आम्हाला दिसलं. पण त्या वर्गात मुली चाळीस होत्या, आणि एकोणचाळीस जणींनी सोनेरी दार काढून पूर्ण मार्क मिळवले. त्यांच्या प्रगतिपुस्तकांवर पालक म्हणून ज्या सह्या आहेत, त्यांतली तुमची फार सुबक आली आहे.