अप्पांचं पान केनियात

"सिंहबिंह मला सांगू नका," विमानात बसायच्या आधीच संताजीराव म्हणाले होते. "राजाजीनगरच्या कुत्र्यांमधून रोज पहाटे फिरायला जाणारा माणूस आहे मी."

शहाण्णव सालची गोष्ट. बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्याचे पंप केनियातल्या एका बड्या सफारी लॉजला बसले होते. ते तपासायला कंपनीनं संताजीरावांना धाडलं आणि लॉजवाल्यांनी त्यांना बायकोसकट चार दिवस ठेवून घेतलं. तंबू कसला, महालच! आत पितळी नळांचा टब, बाहेर लाकडी ओटा आणि ओट्यापलीकडे थेट जंगल. कुंपण नाही. खायची वस्तू बाहेर ठेवू नका, असं मॅनेजरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पण तिसऱ्या दिवशी अप्पांची तिथी आली. पितृपंधरवड्यात वडिलांचं पान चुकवायचं कसं? अहल्याबाईंनी लॉजच्या स्वयंपाकघरात शिरून भात, खीर, वडे केले. संताजीराव धोतर नेसले, भर दुपारी ताट ओट्यावर मांडलं आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिले. तो शिवल्याशिवाय जेवायचं नाही. कावळा काही येईना.

"मामंजींची काही इच्छा राहिली असेल," अहल्याबाई आतून म्हणाल्या. "स्वल्प, थोडंसं काही कबूल करून बघा."

राहिलेली इच्छा पुरवायचा शब्द मोठ्यानं दिला की कावळा शिवतो. संताजीरावांनी हात जोडले. "अप्पा, सिगरेट सोडतो."

झाडावरून धप्पकन एक बबून, तिथला आडदांड वानर, उतरला. माणसाएवढी छाती, आणि जांभई दिली तेव्हा दिसलेले सुळे बोटांहून लांब. संताजीराव तंबूत कसे शिरले ते त्यांनाही कळलं नाही. घाईत ओढलेली दाराची चेन अर्ध्यातच अडकली.

बबूननं वडे संपवले, खीर चाटली आणि फटीतून काळा केसाळ हात आत घालून धोतराचा सोगा धरला. संताजीरावांनी तो मागे ओढून बघितला, सुटेना. आता आपण राजाजीनगर पुन्हा बघत नाही, अशी त्यांची खात्रीच झाली.

"अप्पा, घर रंगवतो. अप्पा, रोज संध्या करतो." सोगा आणखी ओढला गेला.

"मालोजी भावोजींचं बोला," न्हाणीघरातून अहल्याबाई म्हणाल्या. "लवकर."

मालोजी म्हणजे बसवनगुडीत राहणारा धाकटा भाऊ. अप्पांची स्कूटर कुणी परस्पर विकली यावरून भांडण झालं, तेव्हापासून सहा वर्षं दोघांत अबोला होता. संताजीरावांनी डोळे गच्च मिटले.

"अप्पा, चुकलं माझं. स्कूटर मीच विकली आणि आळ त्याच्यावर घातला. परत गेलो की आधी त्याच्या दारात जातो."

बाहेर एक किंकाळी उठली. सोगा सुटला, आणि डोळे उघडले तेव्हा ओटा रिकामा होता.

बंगळुरूला उतरल्यावर टॅक्सी थेट बसवनगुडीला गेली. दार मालोजीनंच उघडलं. "अण्णा?" एवढंच तो म्हणाला, आणि संताजीरावांना रडू फुटलं.

"स्कूटर मीच विकली रे. अप्पांनी धोतराला धरून कबूल करवलं." मग मालोजीही रडला.

अहल्याबाई गुपचूप कॉफी पीत होत्या. त्या दिवशी न्हाणीघराच्या खिडकीतून त्यांना लॉजचा रखवालदार दिसला होता, बबूनच्या पाठीवर गलोल रोखलेला. त्याला त्यांनी हातानं खूण केली होती, 'अरे थांब, एक मिनिट.'