टोमॅटोच्या कुंडीतले चोवीसशे डॉलर

ही गोष्ट दोन हजार वीस सालच्या मे महिन्यातली. स्टोनी लेकवरचा बर्फ त्या वर्षी वेळेवर वितळला, पण चर्च बंद, कॅफे बंद, न्हाव्याचे दुकान बंद. सगळे गाव केस वाढवून आपापल्या व्हरांड्यात बसले होते. सरकारने कर भरणाऱ्यांना माणशी बाराशे डॉलर पाठवायला सुरुवात केली होती. ज्यांचे बँकेचे खाते सरकारला ठाऊक होते त्यांना ते एप्रिलमध्येच मिळाले. डेलमार नायगार्डने मात्र आयुष्यात कोणालाही आपला खातेक्रमांक सांगितला नव्हता, सरकारला तर मुळीच नाही. त्यामुळे त्याची बायको आर्डिस रोज सकाळी अकराला टपालपेटीपाशी उभी राहून चेकची वाट पाहत असे.

दोघांचे मिळून चोवीसशे. ते कशासाठी हेही ठरलेले होते. डेलमारला चार वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हते. मार्चमध्ये डलूथला त्यांच्या मुलीला, कर्स्टनला, मुलगी झाली आणि साथीमुळे कोणाला कोणाकडे जाता येईना. रविवारी कर्स्टन फोन करी आणि बाळाच्या तोंडाशी धरी. डेलमार रिसीव्हर कानाला लावून हसत बसे. फोन ठेवला की विचारी, "रडत होती का?"

"रडत होती," आर्डिस ओरडून सांगे.

"छान!" तो म्हणे आणि खिडकीबाहेर पाहत राही.

कानाच्या यंत्रांची साधी जोडी सव्वीसशेला होती. वरचे दोनशे कुठूनही उभे करू, असे आर्डिसने मनाशी ठरवले होते.

आता आर्डिसची एक सवय सांगायला हवी. तरुणपणी क्रेडिट कार्डांनी या जोडप्याला एकदा चांगलेच पोळले होते. तेव्हापासून टपालाने आलेले कुठलेही कार्ड त्या घरात सबंध राहिले नाही. लिफाफा फाडायचा, पत्र न वाचता रद्दीत टाकायचे, कार्ड कॉफीच्या रिकाम्या डब्यात. डबा भरला की कात्री घेऊन प्रत्येक कार्डाचे उभे चार तुकडे. पण प्लास्टिक फुकट घालवणारी बाई ती नव्हे. मे महिन्यात ती दह्याच्या डब्यांत टोमॅटोची रोपे करी आणि कार्डांच्या तुकड्यांमागे काळ्या शाईने जातीचे नाव लिहून ते मातीत खोवी. ब्रँडीवाइन, रोमा, अर्ली गर्ल, बीफस्टेक. मग रोपे गावात वाटून टाकी.

त्या मंगळवारी कुंपणापलीकडून रोलंडने हाक मारली. रोलंड तीस वर्षे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. गावातल्या सगळ्या बातम्या आधी त्याला कळत, आणि न घडलेल्या त्याच्याही आधी.

"आर्डिस, आले का तुझे पैसे?"

"चेक नाही आला अजून."

"चेक कसला घेऊन बसलीस! काही जणांना कार्ड येतंय म्हणे. साधा पांढरा लिफाफा, आत निळं कार्ड. माझ्या वहिनीनं जाहिरात समजून कचऱ्यात टाकलं. कमरेपर्यंत डब्यात उतरली बिचारी!" रोलंड खो खो हसला. "सापडलं ते दोन तुकडे होऊन. मग कंपनीला फोन केला, सोळा आकडे वाचून दाखवले, झालं काम. आणि हे तर पहिलंच बरं का. दुसरं येणार, तिसरं येणार. माझं ऐक, सप्टेंबरातल्या लेबर डेच्या आत आणखी एक."

आर्डिसने पुढचे काही ऐकले नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ब्रँडीवाइनचे रोप होते, आणि त्यात खोवलेला तुकडा निळा होता.

तिने तो उपटला, माती पुसली. पुढच्या बाजूला चार आकडे आणि त्यांच्याखाली 'डेल' अशी अक्षरे.

"उफ् दा!" आमच्याकडचे 'अरे देवा' म्हणत आर्डिस खुर्चीत बसली.

डेलमारला सांगावे? बत्तीस वर्षे चर्चच्या महिला मंडळाचा हिशेब जिने एका सेंटचीही चूक न करता ठेवला, तिने आपल्या हाताने नवऱ्याचे कान कातरून गावात वाटले हे कोणत्या तोंडाने सांगायचे? निळे तुकडे चारच, चार जातींच्या चार रोपांत. एक हातात आला होता. उरलेले तीन गोळा करायचे, चिकटवायचे आणि फोन करायचा. कोणाला काही कळायचे कारण नव्हते.

ती पुन्हा कुंपणाशी गेली. "रोलंड, तुला दिलेल्या अर्ली गर्लमधला प्लास्टिकचा तुकडा जरा परत दे."

"तो? तो कुंडीत नाहीये." रोलंडने शर्टाच्या खिशातून तुकडा काढला. "लॉटरीची तिकिटं खरवडायला घेतलाय. लकी आहे. काल सात डॉलर लागले."

"दे म्हणते ना."

"अगं, लकी वस्तू अशी कोणी देतं का?"

"ऱ्हुबार्बच्या वड्या देईन."

"किती?"

"बशीभर."

"दोन बश्या."

आमच्याकडे त्या वर्षी देणेघेणे असे चाले: वस्तू मध्ये खुर्चीवर ठेवायची आणि सहा फूट मागे सरायचे. रोलंडने तुकडा ठेवला, मागे सरला. आर्डिस पुढे झाली, तुकडा उचलला आणि वड्यांची उधारी ठेवून निघाली. तुकड्यावर आणखी चार आकडे होते, थोडे झिजलेले, पण वाचता येण्यासारखे.

तिसरे रोप पास्टर जोनना दिले होते. पास्टर त्या दिवसांत चर्चच्या पटांगणात उभ्या राहून प्रवचन करीत आणि मंडळी आपापल्या मोटारीत बसून ऐकत. रोमाचा तुकडा त्यांच्या बायबलमध्ये खूण म्हणून गेला होता.

"घेऊन जा ना," पास्टर मास्कआडून म्हणाल्या. "पण आर्डिस, मनावर काही ओझं आहे का तुमच्या? असेल तर बोला."

"ओझं नाही पास्टर, चार आकडे आहेत."

पास्टरांनी त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिचे नाव घेतले, असे नंतर कळले.

राहिले बीफस्टेक. ते कुठे गेले ते आर्डिसला आठवेना. तिने कोणालाच दिले नव्हते, आणि खिडकीत तर ते नव्हते. डेलमार गॅरेजपाशी मासे साफ करत होता. सनफिशचे दिवस होते.

"डेलमार! बीफस्टेक कुठंय?"

"काय?"

"बीफस्टेकचं रोप! कुठं गेलं?"

एवढ्या आवाजात की रस्त्यापलीकडचा कुत्रा उठून बसला. डेलमारला या वेळी पहिल्या झटक्यात ऐकू आले असावे, कारण तो बुटांकडे पाहू लागला.

"मार्लिसकडे दिलं," तो हळूच म्हणाला.

"कोणाकडे?"

"दरवर्षी एक देतो. अकरा वर्षं झाली. भांडण तुमचं दोघींचं आहे, टोमॅटोचं नाही."

अकरा वर्षांपूर्वी चर्चने पाककृतींचे पुस्तक काढले होते. ते मार्लिसने छापून घेतले. त्यात आर्डिसच्या ऱ्हुबार्ब पायमधली, म्हणजे आंबट देठांच्या त्या भाजलेल्या गोड पदार्थातली, दीड कप साखर गळाली. गावातल्या चौदा घरांत त्या उन्हाळ्यात तो पाय झाला आणि चौदा घरांनी आर्डिसला गोड शब्दांत कळवले की पाय जरा आंबट झाला होता. मार्लिस म्हणाली, मला जसे लिहून दिले तसे मी छापले. त्यानंतर दोघी एका बाकावर बसल्या नाहीत.

आर्डिसने खिशातले तीन तुकडे चाचपले. बारा आकडे. मग तिने टोपी घातली आणि निघाली.

मार्लिस व्हरांड्यात रबरी हातमोजे घालून बादलीत काहीतरी घासत होती. त्या वसंतात दुकानातून आलेला प्रत्येक डबा ब्लीचने धुतल्याशिवाय तिच्या घरात जात नसे. आर्डिसला पायरीपाशी पाहून तिचा ब्रश थांबला.

"वाट चुकलीस?"

"नाही. डेलमारनं तुला एक टोमॅटो दिलाय. त्यातली पट्टी हवी होती."

"अकरा वर्षांनी आलीस ते पट्टी मागायला?"

"हो."

"ती मी धुतली." मार्लिसने कठड्यावर वाळत टाकलेला निळा तुकडा बोटाने दाखवला. "डेलमारचे हात माशांचे. दोनदा धुतली. वरचं नाव गेलं धुऊन. आता ते रोप कशाचं आहे देव जाणे."

"बीफस्टेक. दे इकडे."

मार्लिसने तुकडा खुर्चीवर ठेवला आणि मागे सरली. आर्डिसने तो उचलला. पुढे शेवटचे चार आकडे. तिने मोठा श्वास सोडला, सहज उलटा केला, आणि शाईखाली इतके दिवस दडलेली बारीक अक्षरे तिला दिसली. तिने ती दोनदा वाचली आणि मटकन पायरीवर बसली.

"काय झालं? अगं, आर्डिस! बरं वाटतंय ना?"

"हे ते कार्डच नाहीये," आर्डिस म्हणाली. "कानाची यंत्रं विकणाऱ्यांची जाहिरात आहे. हे कार्ड दाखवा, जोडीवर दोनशे डॉलर सूट." मग सगळेच बाहेर पडले: पांढरा लिफाफा, कात्री, लॉटरी, पास्टर, फोनवरचे बाळ. "म्हणजे खरं कार्ड मी कधी कातरलं, कुठं गेलं, काही पत्ता नाही. आणि तो बसलाय रविवारची वाट बघत."

मार्लिसने ब्रश बादलीत टाकला. मग हातमोजे काढत म्हणाली, "तुझी साखर मीच विसरले होते. तुझा कागद आहे अजून माझ्याकडे. त्यावर दीड कप स्वच्छ लिहिलंय."

"मला माहीत आहे," आर्डिस नाक पुसत म्हणाली. "मी काय साखर विसरणारी बाई आहे?"

एवढ्यात फाटकाशी डेलमारची जुनी पिकअप थांबली. दोन बायकांची मारामारी सोडवावी लागेल म्हणून तो मासे तसेच टाकून आला होता. मारामारी दिसली नाही, बायको रडताना दिसली. तो पुरता घाबरला.

"डेलमार!" मार्लिस त्याच्या कानापाशी, म्हणजे सहा फुटांवरून, ओरडली. "निळं कार्ड! सरकारी पैशांचं! आर्डिसनं कापून टाकलं!"

डेलमारने डोके खाजवले. मग एप्रनच्या खिशात हात घालून काहीतरी काढले.

"हे का?"

ते सबंध होते. एका कडेला सनफिशचे खवले चिकटलेले, पण सोळाच्या सोळा आकडे जागच्या जागी.

"कॉफीच्या डब्यातून घेतलं," तो ओशाळून म्हणाला. "डब्यातलं दुसरं निळं फारच लेचंपेचं होतं. खवले काढायला हे छान आहे. तुला कापायला पाहिजे होतं का?"

आर्डिसने ते हातात घेतले, पाहिले, आणि तिला हसू आवरेना. मार्लिसने मात्र आधी ते कार्ड बादलीत बुडवले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोघे कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेले. आर्डिसने काउंटरवर दोन कार्डे ठेवली. चोवीसशेच्या कार्डाला माशाचा वास येत होता, आणि दोनशे सवलतीचे कार्ड चिकटपट्टीने तीन ठिकाणी जोडलेले होते. तिथल्या मुलीने ते उजेडात धरून पाहिले.

"याला काय झालं होतं?"

"बागेत होतं," आर्डिस म्हणाली.

त्या रविवारी डेलमारने फोन कानाला लावला, आणि बाळाने टाहो फोडताच तो इतका दचकला की रिसीव्हर खाली पडला. "आर्डिस!" तो आनंदाने ओरडला. "ही तर अगदी तुझ्यासारखी ओरडते!"

पुढे जानेवारीत दुसरी मदत आली आणि वसंतात तिसरी. रोलंडचा अंदाज चुकला तो फक्त लेबर डेचा. दोन्ही वेळा लिफाफा येताच आर्डिसने आधी कात्री डेलमारच्या ताब्यात दिली. रोलंड पुढे ॲरिझोनाला बहिणीकडे राहायला गेला. तिथून दर नाताळला त्याचे कार्ड येते: चौथे नक्की येणार, आतली बातमी आहे. पास्टर जोनची फार्गोला बदली झाली. जाताना त्यांनी आर्डिसला विचारले की ओझे उतरले का. कर्स्टनची मुलगी आता शाळेत जाते आणि आजोबांशी कुजबुजत बोलते. डेलमारला सगळे ऐकू येते, आणि नको असेल तेव्हा तो यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवतो.

पाककृतींच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. दीड कप साखर जाड अक्षरांत आहे. आणि दर मे महिन्यात मार्लिस आर्डिसच्या पायरीवर टोमॅटोचे एक रोप ठेवून जाते. त्यात एक पट्टी खोवलेली असते, ब्लीचने दोनदा धुतलेली, कोरी करकरीत. टोमॅटो कुठला ते ऑगस्टमध्येच कळते.