नारळवाला संत

माझी बायको इंदू गेली, त्या संध्याकाळीही तिने मला उघडं करून स्टुलावर बसवलं होतं. खांद्यावर लाल चादर, हातात नारळ.

"अहो, नारळाकडे दुःखानं बघा."

"नारळाकडे दुःखानं कसं बघतात?"

"महाग झालाय म्हणून बघा."

नातवंडं झाल्यावर इंदू चित्रकलेच्या क्लासला जायला लागली. मास्तरांनी अभ्यासाला एक जुनं विलायती चित्र दिलं. तेलरंगात हुबेहूब उतरवायचं. काळोखात बसलेला उघडाबंब म्हातारा संत, हातात कवटी, एका बाजूनं उजेड. कवटी आपल्या घरात कुठली? म्हणून नारळ.

तेव्हापासून बाई एक डोळा मिटून जग बघायची. "आधी काळोख, उजेड सगळ्यात शेवटी," हे दूधवाल्यालाही ऐकवायची. मंडईत म्हणाली, "वांग्याची सावली काय सुरेख पडलीय!" भाजीवाली म्हणाली, "सावली फुकट आहे आजी. वांगी घेताय का?"

मी स्वारगेटच्या बस डेपोतला मेकॅनिक. बूड टेकून बसणं माहीत नाही. रिटायर झालो तरी संध्याकाळी स्वारगेटला, जुन्या मंडळींत. ते हिनं बंद पाडलं. "तुम्ही नसलात तर माझा हात चुकेल. अभ्यास नापास!"

सिलिंडरवाल्यानं दारातून विचारलं, "काका, तालीम का?"

म्हटलं, "नाही, शिक्षा."

हसून हसून हिचा ब्रश पडला. रोज रंगवता रंगवता दिवसभराचं सगळं सांगत बसायची. मला हलायची बंदी, ऐकण्यावाचून करतो काय?

त्या संध्याकाळी चहा टाकायला म्हणून उठली, ती ओट्यापाशीच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

तेराव्यानंतर मास्तर भेटायला आले. चित्र बघून म्हणाले, "हात छान साधलाय त्यांना."

"साधणारच. बसून बसून माझी पाठ मोडली."

मास्तर बघतच राहिले. "तुम्ही बसायचात? पण आजोबा, या अभ्यासाला माणूस लागतच नाही. छापील चित्रावरूनच उतरवायचं असतं. त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

मी उठून चित्राजवळ गेलो. कवटी कवटीसारखी. म्हातारा गोरापान, छातीवर दाढी. माझं त्यात नखसुद्धा नव्हतं.

मास्तरांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटच्या मंडळींचा फोन. "घरात एकटा बसून काय करतोस? ये."

म्हटलं, काम आहे. तिचे ब्रश धुवायचे तसेच राहिले होते, वाळून लाकूड झालेले. तिचं टर्पेंटाइन वाटीत ओतलं आणि एकेक चोळायला घेतला. रंग सुटत नव्हता. मलाही घाई नव्हती.