अर्ध्या एम्पियरचा वाघ

जियालाल रहांगडालेच्या शेतातला वाघ मंगळवारी मेला. मरताना त्याने फक्त एकदा 'चट्' असा आवाज केला आणि झोपडीभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

हा वाघ म्हणजे एक लोखंडी डबा होता. सालेकसा तालुक्यात जंगलाला लागून ज्यांची धानाची शेतं आहेत, त्यांना रानडुकरांचा फार जाच. म्हणून जियालालने बऱ्याच वर्षांपूर्वी एका कृषी प्रदर्शनातून तो आणला होता. बटण दाबलं की भोंग्यातून आधी वाघाची डरकाळी निघे, मग कुत्री भुंकत, मग फटाके फुटत आणि मग पुन्हा वाघ. गावाला या क्रमाची इतकी सवय झाली होती की डरकाळी ऐकू आली की लोक नकळत कुत्र्यांची वाट पाहत.

खरं सांगायचं तर जियालाल डुकरांपेक्षा भित्रा होता. विजेला भ्यायचा, सापाला भ्यायचा, दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसायलाही भ्यायचा. डबा चालू असला की त्याला शेतात जरा धीर यायचा. आता डबा गप्प झाला, धान तर नेमका लोंबीवर आलेला, आणि दुसऱ्याच सकाळी डुकरांनी बांधाकडचा धान लोळवून ठेवलेला दिसला.

जळालं होतं ते फक्त अॅडाप्टर. ते खिशात घालून जियालाल पॅसेंजरने गोंदियाला गेला. डबा बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, त्यामुळे दुकानं हिंडण्यावाचून इलाज नव्हता. पहिल्या दुकानदाराने अॅडाप्टर उलटंपालटं करून विचारलं, "मॉडल कौन सा है?"

"मॉडल नाई जी, वाघ आहे," जियालाल म्हणाला.

दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसऱ्या दुकानातली पिन बारीक निघाली, तिसऱ्यातली जाड. चौथ्याने सल्ला दिला की हे भंगारात घाला आणि सोलरवालं नवीन घ्या. शेवटी बाजारामागच्या गल्लीत खुशाल नावाच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने एक खोकं त्याच्यापुढे उपडं केलं. त्यातून काळ्या वायरींचा असा गुंता बाहेर पडला की जियालाल दचकून मागे सरला. एका जुन्या इंटरनेटच्या डब्याचं अॅडाप्टर होतं, त्याची पिन बरोबर बसली. खुशालने चष्मा वर करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "वोल्ट तो बराबर बारा है. पर एम्पियर आधा है, तुम्हारावाला दो का था. आवाज कम रखना, तो चल जाएगा."

यातलं 'चल जाएगा' एवढंच जियालालने घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी त्याने शेतातल्या झोपडीत पाण्याच्या मोटारीच्या बोर्डावर नवीन अॅडाप्टर लावलं. आवाज बारीक ठेवून पाहिलं. वाघ बोलला, कुत्री बोलली, फटाके वाजले. त्याचं समाधान झालं. डुकरांनी दिवसाही इकडे फिरकू नये म्हणून त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तो घराकडे निघाला.

नाल्यापाशी पोचला तेव्हा मागून डरकाळी आली. जियालाल खूश झाला. मग त्याच्या लक्षात आलं की कुत्री भुंकली नाहीत. तो थांबला. पुन्हा डरकाळी आली, पण अर्ध्यातच तुटली, जणू कुणीतरी तोंडात घास असताना ओरडावं. पुन्हा कुत्री नाहीत. फटाके नाहीत. नंतर परत तीच डरकाळी, तशीच अर्धी.

आपल्या वाघामागे कुत्रा भुंकतो, याच्यामागे भुंकत नाही. म्हणजे हा आपला नव्हे. एवढा हिशोब जियालालच्या डोक्यात पुरा होईपर्यंत त्याचे पाय नाला ओलांडून गेले होते.

गावाच्या तोंडाशी शेजारी चैतराम बैल सोडून बसला होता. जियालालने नुसतं शेताकडे बोट दाखवलं. चैतरामने कानामागे हात धरून ऐकलं. पुन्हा तुटकी डरकाळी आली. चैतराम उठून उभा राहिला. त्याचा तर्क जियालालच्याही पुढे गेला. डब्यातला वाघ ऐकून जंगलातला वाघ भांडायला आला असणार आणि त्याने डबा फोडून टाकला असणार, असं तो म्हणाला. हे जियालालला इतकं पटलं की तो खालीच बसला.

मग गावात धावपळ झाली. रानात गेलेली गुरं परत वळवली गेली, अंगणवाडीतली पोरं आयांनी उचलून नेली, दारं लागली. कुणीतरी वनरक्षक दुर्गाप्रसादला फोन लावला. जियालाल घरी पोचला आणि कडी लावायला वळला, तर घर रिकामं. समोरच्या सुशीलाबाईने दाराच्या फटीतून सांगितलं, की त्याची बायको जमुना कधीचीच विळा घेऊन म्हशीसाठी गवत आणायला शेतात गेली. ती पाऊलवाटेने गेली असणार आणि हा नाल्याकडून आला.

जियालालने तिला फोन लावला. फोन घरातच, उतरंडीमागे वाजला.

तो क्षणभर त्या फोनकडे बघत राहिला. मग त्याने कोपऱ्यातली काठी घेतली आणि बाहेर पडला. चैतराम म्हणाला, दुर्गाप्रसाद येईपर्यंत थांब. जियालाल थांबला नाही. त्याचे हात एवढे कापत होते की काठी रस्त्यावर टकटक वाजत होती, पण तो चालतच राहिला. ते पाहून चैतराम निघाला, मग आणखी चारचौघे थाळ्या आणि टिनाचे डबे घेऊन निघाले. डरकाळ्या चालूच होत्या आणि दर डरकाळीला सगळे आपापल्या जागी थिजत होते.

अर्ध्या वाटेवर डरकाळ्या एकदम थांबल्या.

ही शांतता त्या आवाजापेक्षा वाईट होती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पोट भरलं असन." जियालालने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला वाटेवरचा धान, आभाळ, काही धड दिसत नव्हतं.

थांबत, कानोसा घेत ते पुढे सरकत होते. बऱ्याच वेळाने पाऊलवाटेच्या वळणावर एक हिरवा भारा हलताना दिसला. भाऱ्याखाली जमुना होती. समोर काठ्या, थाळ्या आणि टिनाचे डबे घेतलेली माणसं बघून ती थबकली.

"काऊन जी, कोनाची वरात घेऊन जाऊन राहिले?"

चैतरामने तिला वाघाचं विचारलं.

"कोनता वाघ? तुमचा डबाच अडकून अडकून बोंबलत होता," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. "माहं डोस्कं उठलं. मी वायर उपटली अन् झोपडीच्या सावलीत घडीभर पडली."

झालं होतं ते एवढंच. मोठ्या आवाजाला लागेल एवढी वीज ते अर्ध्या एम्पियरचं अॅडाप्टर पुरवू शकत नव्हतं. वाघ जोरात ओरडला की डब्याचा दम संपे, तो बंद पडून पुन्हा सुरू होई आणि पुन्हा वाघापासूनच सुरुवात करी. कुत्र्यांपर्यंत तो कधी पोचलाच नाही.

परतताना सगळे हसत होते. जमुना तर घरी आल्यावरही हसत होती. म्हशीला गवत टाकताना हसली, सुशीलाबाईला सांगताना हसली, आणि नवऱ्याची काठी कशी टकटकत होती याची नक्कल अंगणात दोनदा करून दाखवली. जियालाल ओसरीवर मान खाली घालून बसला होता. बायको समोर दिसत होती, म्हणून त्याला त्या हसण्याचं फार वाईटही वाटत नव्हतं.

सूर्य कलताना दुर्गाप्रसाद आला. वाघ नव्हताच असं त्याला सांगितलं, तरी आलोच आहे तर बघून जातो म्हणत तो शेताकडे गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो खाटेवर बसला नाही. त्याने जमुनाला विचारलं, ती झोपडीच्या कोणत्या बाजूला झोपली होती.

"दाराच्या बाजूनं. पुढं. काऊन?"

"मागच्या चिखलात पंजे आहेत, ताजे. भिंतीले लागून बसला होता, गवत दबलं आहे." दुर्गाप्रसादने दोन्ही तळहात समोरासमोर धरले. "मधात कुडाची भिंत तेवढी. इकडून तुमी, तिकडून तो."

जमुनाचं हसू कुठल्या कुठे गेलं. ती जोत्यावर बसली. कुणीही शेताकडे जाऊ नका, असं बजावून दुर्गाप्रसाद साहेबांना फोन करायला निघून गेला. अंगण रिकामं झालं.

दिवसभर थरथरणारा जियालाल आता गुमान उठला. त्याने चूल पेटवली, चहा ठेवला. त्याला चहा करता येत नव्हता. साखर घालायची राहिली. जमुना दोन्ही हातांत कप धरून तो तसाच प्यायली.

"मले ऐकू आलं होतं जी," शेवटी ती म्हणाली. "भिंतीमागून कोनीतरी मोठे मोठे उसासे टाकून राहिलं होतं. मले वाटलं, चैतरामचा बैल सुटून आला."

"मंग?"

"मंग का? डोरे मिटूनच दोन शिव्या हासडल्या, अन् भिंतीवर लाथ हाणली."

जियालाल तिच्याजवळ सरकला. "मंग?"

"मंग गेला ना बिचारा उठून."