गैरहजर राहणाऱ्याने कारण लेखी कळवावे

लिंक्डइनवर रुचिरा गावडेच्या ओळखी होत्या दोन हजार सातशे चौदा. हा आकडा ती घाटकोपरच्या भाजीवाल्यापासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवून झाली होती. त्यामुळे मसाल्याच्या कंपनीच्या मानसी मॅडमनी फोनवर विचारलं, "टीम किती जणांची आहे तुमची?" तेव्हा तिच्या तोंडून "पाच" असं अगदी सहज निघून गेलं. टीम एकट्या रुचिराची होती.

"मंगळवारी पाचही जण या. काम आवडलं तर गोरेगावच्या प्रदर्शनातला आमचा स्टॉल तुमचा," मॅडम म्हणाल्या.

नोकरी सोडून चार महिने झाले होते आणि प्रदर्शनातले स्टॉल उभारून देण्याच्या स्वतःच्या धंद्यातलं हे पहिलंच काम दारात आलं होतं. ते गेलं तर जुन्या ऑफिसात हात जोडून जायला लागणार होतं. आणि तिथून निघताना ती साहेबांना जे बोलली होती, ते पाहता नुसते हात जोडून भागलंही नसतं. पण रुचिरा निवांत. दोन हजार सातशे चौदांतली चार माणसं म्हणजे दर्यातले चार थेंब. तिने ऐटीत पोस्ट टाकली, 'चला, मिळून काहीतरी उभं करू!'

शनिवारपर्यंत एकशे शहाऐंशी लाइक आले, चाळीस जणांनी ऑल द बेस्ट म्हटलं आणि भोपाळच्या एका गृहस्थांनी, तिने सोडलेल्या नोकरीला पाच वर्षं पूर्ण झाल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं. टीम जिथल्या तिथे.

"इतकी माणसा आसत, मगे एकव जण चायेक कसो येयत नाय?" तिच्या वडिलांनी विचारलं.

गुणाजी गावडे तरुणपणी गिरणीत होते. गिरणी गेली, मग पडतील त्या नोकऱ्या केल्या, पण मुंबईत राहणाऱ्या आपल्या गाववाल्यांच्या मंडळाचं चिटणीसपद मात्र सत्तावीस वर्षं सोडलं नाही. माणसं जमवायची त्यांची एकच रीत होती. पत्रक काढायचं, हजेरीवही मांडायची आणि चहा ठेवायचा.

"बाबा, हे प्रोफेशनल नेटवर्क आहे. तुमचं मंडळ नाही," रुचिरा म्हणाली आणि लॅपटॉप उघडा टाकून कापडाचे नमुने बघायला मालाडला गेली. तिथेच घात झाला.

संध्याकाळी परत आली तर मुंबईतल्या एकेचाळीस जणांना तिच्या खात्यावरून संदेश गेला होता. गुडमॉर्निंगचे फुलांचे फोटो पाठवून पाठवून बाबांना कॉपी-पेस्ट चांगलंच येत होतं.

'स. न. वि. वि. आपल्या मंडळाची पहिली सभा रविवारी दुपारी ठीक चार वाजता आमच्या राहत्या घरी आहे. मूळ गाव व घरच्या माणसांचा तपशील सोबत आणावा. चहा-खाजं मिळेल. गैरहजर राहणाऱ्याने कारण लेखी कळवावे. आपला, गुणाजी गावडे, चिटणीस (निवृत्त).'

खाली घरचा पत्ता, आणि 'लिफ्ट बंद आहे' हेही.

रुचिराने डोकं धरलं. आणि मग उत्तरं वाचायला घेतली. आजवर तिच्या एकाही मेसेजला न बोललेली बडी बडी माणसं रजेचे अर्ज पाठवत होती! कुणा उपाध्यक्षांच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून क्षमस्व. एका डायरेक्टरने तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं होतं. शेवटचं उत्तर एका शब्दाचं होतं. 'येते.' पाठवणारी, मानसी मॅडम.

"बाबा, वाट लावलीत माझी. त्या येणार आणि टीम मागणार."

"येवंदे. माका ता इंटरनेट कळणा नाय, पण सभा कशी भरवची ता कळता."

रविवारी चारच्या ठोक्याला पहिला आला मढचा हरेश्वर. लिंक्डइनवर हा 'मरीन स्ट्रक्चर्स कन्सल्टंट' होता. प्रत्यक्षात बापजाद्यांपासून होड्या बांधणारा सुतार, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पिशवीभर सुके बोंबील घेऊन आलेला.

त्याच्या मागोमाग मुलुंडचा सुशांत, नाटकांची आणि लग्नांची प्रकाशयोजना करणारा. त्याच्यासोबत त्याची आई जयंतीबाई, जरीकाठी साडीत, हातात नारळ आणि एक बंद पाकीट.

"मुलगी हीच का?" जयंतीबाईंनी विचारलं.

"आई, मीटिंग आहे गं," सुशांत कानापर्यंत लाल झाला.

"मीटिंगला कोणी मूळ गाव विचारतं का? पत्रक वाचलंय मी. पत्रिका आणली आहे."

रुचिराला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गुणाजी मात्र ढिम्म. "पत्रिका नंतर. आधी सही करा," म्हणत त्यांनी हजेरीवही पुढे केली. मग चहा झाला, खाजं झालं. "आता प्रत्येकाने काय येतं ते सांगायचं. हुद्दे नकोत," त्यांनी फर्मावलं. रुचिराने नाइलाजाने स्टॉलचं चित्र पसरलं.

"हे उभं नाही राहणार ताई," हरेश्वर लगेच म्हणाला. "खालून रुंद घ्या, होडीसारखं."

"आणि वरून एवढा उजेड मारलात तर हळदपण पांढरी दिसेल," सुशांतने पेन्सिल ओढून घेतली.

"सगळं राहू दे," जयंतीबाई मध्ये पडल्या. "मसाल्याच्या दुकानात वास कुठाय? मधोमध शेगडी ठेवा आणि फोडणी द्या. माणसं नाकाने येतात."

"लाकडाला आग लागेल काकू."

"तू होडीवर जेवण रांधत नाहीस का रे?"

मग चौघेही एकदम बोलायला लागले. रुचिराही तावातावाने भांडत होती, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिला काम करताना मजा येत होती. या गलक्यात मानसी मॅडम कधी आल्या, चप्पल काढून, वहीत सही करून कोपऱ्यात कधी बसल्या, हे गुणाजींखेरीज कुणाला कळलंही नाही.

"किती वर्षं एकत्र काम करताय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

सुशांतने "चार" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण रुचिराला एकदम त्या 'पाच'चा कंटाळा आला.

"पाऊण तास," ती म्हणाली. "टीम नव्हतीच मॅडम. मी खोटं बोलले. हे सगळे आज पहिल्यांदाच भेटले."

मानसी मॅडमनी खाज्याचा तुकडा मोडला. "माझ्या ऑफिसात बारा जण आहेत. तीन वर्षांत एकाने दुसऱ्याला तोंडावर 'हे चुकतंय' म्हटलेलं नाही. तुम्ही पाऊण तासात तिथे पोचलात. स्टॉल तुमचा. पण शेगडी हवीच."

रुचिराने आनंदाने जयंतीबाईंनाच मिठी मारली. मॅडम गेल्या तरी कुणी उठेना. बोंबील भाजले गेले, हरेश्वरने दुरुस्त केलेली टीपॉय डुगडुगायची थांबली, आणि चौघांनी मिळून पुढच्या दोन कामांचे बेतही आखले.

"सभा संपली नाही," गुणाजी म्हणाले. "कार्यकारिणी निवडायची आहे. अध्यक्षपदासाठी नावं सुचवा."

कंपनी रुचिराची, चित्र रुचिराचं, घरसुद्धा तिचंच. ती नम्र चेहरा करून उभी राहिली. हरेश्वरने जयंतीबाईंचं नाव सुचवलं, शेगडीसाठी. हात वर झाले. जयंतीबाई तीन, रुचिरा दोन. तिसरा हात तिच्या सख्ख्या बापाचा होता.

रुचिराला पडलेल्या दोन मतांत एक तिचं स्वतःचं होतं. दुसरं सुशांतचं.

नव्या अध्यक्षांनी पत्रिकेचं पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं आणि मुलाकडे रोखून पाहिलं.

"अजून पत्रिका उघडलीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, "आणि हा आत्तापासूनच तिच्या बाजूने."