विंझरची जास्वंद

मुलीसाठी स्थळ बघायला गेलेली माणसं घर बघतात, शेत बघतात, गोठ्यात डोकावतात. आमच्या किकवीचे बबननाना दारातली झाडं बघतात. बाकीचे चहाची वाट बघत असतात आणि नाना अंगणात लिंबाचं पान उन्हाला धरून उभे असतात. परत आले की निकाल. "पानं बारकी, पेरं आखूड. जस्त कमी हाय. ज्यांचं झाडाकडं ध्यान न्हाई, ते सुनेकडं काय बघणार?"

आता स्थळ बघायला जीप निघाली की कुणीतरी हमखास विचारतं, "नाना बसलं का?" शाल-श्रीफळाच्या मोठेपणावर माझा फारसा विश्वास नाही. पण आमच्या गावात पानावरून घर ओळखणारा माणूस आहे, हे पाहुण्यांना सांगताना माझीही मान जरा ताठ होते.

नाना माझे शेजारी. भात आणि भाजीपाला करतात. माझ्या लिंबाची कोवळी पानं पिवळी पडली, तेव्हा मी लोहासाठी हिराकस पाण्यात कालवून फवारत होतो. कुंपणापलीकडून आवाज आला, "मास्तर, रंगपंचमी चाललीय व्हय?"

मग व्याख्यान. "पानात एन्झाइमं राबत्यात म्हणून पान हिरवं. पर त्यांचा मुकादम लोह. लागतंय चिमूटभरच, पर मुकादम न्हाई आला की समदे गडी बिड्या फुकत बसणार."

फवारा मात्र त्यांना मंजूर नव्हता. "ही मलमपट्टी झाली. लोह जुन्या पानातनं नव्या पानात सरकत न्हाई. नवी पालवी आली की पुन्यांदा पिवळी. हिराकस शेणखतात मुरवा, मुळाशी घाला. मंग वरीसभर बघाय नको."

घातलं. खरंच बघावं लागलं नाही.

पुढे नानांच्या वैशालीचं लग्न निघालं. मुलगा विंझरचा, भोरच्या कॉलेजात तिच्या वर्गात होता आणि तिने मनोमन ठरवलेला होता. आम्ही बघायला गेलो. माणसं चांगली, पोरगा चांगला, पोहे तर फारच चांगले. पण दारातल्या जास्वंदीच्या कोवळ्या पानांत शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान हळदीसारखं. नानांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "न्हाई जमायचं."

घरी आल्यावर वैशाली म्हणाली, "नाना, मला पोराशी लगीन करायचंय, जास्वंदीशी न्हाई."

"म्या दिलेला शब्द आजवर फिरवला न्हाई."

तिने बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि आत जायची. नाना मान खाली घालून जेवायचे.

त्याच सुमारास नाना दर गुरुवारी एसटीने कुठेतरी जायला लागले. पिशवीत केस कापायच्या दुकानात असते तसली फवाऱ्याची बाटली. विचारलं तर, "नसरापूरला काम हाय." दोनेक महिन्यांनी स्वतःच म्हणाले, "विंझरला येकदा परत जाऊन यिऊ."

गेलो. जास्वंद हिरवीगार. नानांनी पान उन्हाला धरलं, उलटंसुलटं केलं आणि न्यायाधीशासारखे म्हणाले, "आता माझी हरकत न्हाई." शब्द राहिला, लग्नही ठरलं.

लग्नात विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "तुमचे नाना दर गुरवारी आमच्या जास्वंदीला आंघोळ घालून जायचे. एसटी थांबली की आमी दार लोटून घ्यायचो. म्हटलं, मानी माणूस हाय, अवघडायला नको."

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. परवा गुरुवारी नाना फाट्यावर उभे दिसले. एका हातात तीच बाटली, दुसऱ्या हातातल्या पिशवीत वैशालीला आवडणाऱ्या वालाच्या शेंगा.

"नाना, आता कुठं?"

"विंझरला. जास्वंदीला नवी पालवी फुटलीया. लोह काय आपणहून सरकत न्हाई, मास्तर. दर पालवीला जाऊन द्यावं लागतंय."

नानांचंच ते शेणखताचं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात एसटी आली. शेंगांची पिशवी माझ्याकडे देऊन नाना वर चढले आणि मी खालून ती त्यांच्या हातात दिली.